निळी टोपी

त्या कारखान्यात एक उलटा नियम होता. कामात सुधारणा होऊन लाइनवरचा एक माणूस वाचला, की काढायचा तो सगळ्यात चांगला माणूस. सगळ्यात ढिला नव्हे, सगळ्यात चांगला.

नियम घालून दिला होता म्हाताऱ्या मालकांनी. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्यांच्या खुर्चीत आता जावई बसतो, पण नियम राहिला. म्हातारे म्हणायचे, ढिल्याला काढलंत तर उद्यापासून कोण कशाला डोकं चालवेल? आपण एक युक्ती सुचवायची आणि शेजारणीच्या पोटावर पाय पडायचा, असं होणार असेल तर माणसं युक्त्या मनातच ठेवतील. त्यापेक्षा चांगल्याला काढा, वरच्या मजल्यावर बसवा आणि आणखी सुधारणा शोधायला लावा. मग ज्याला त्याला वाटेल, आपला नंबर कधी लागतो. म्हाताऱ्याला माणसं कळत होती, एवढं मानलंच पाहिजे.

वर जाणाऱ्याला निळी टोपी मिळे. बाकीच्यांच्या पांढऱ्या. सकाळी रेडिओवरची कवायत झाली, की सगळ्यांच्या देखत टोपी द्यायची, टाळ्या वाजवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी टोपीवाल्याने घरून सेकिहान करून आणायचा. लाल अझुकीचे चवळीएवढे दाणे घातलेला तो भात जपानातल्या या मिकावात पोरगं पास झालं तरी करतात, आणि सून घरात आली तरी करतात. कारखान्यात तो निळ्या टोपीला करत.

हारुए कामियाने तो आपल्या हाताने करून आणला होता. काही वर्षं वरच्या खोलीत काढून ती खाली परत आली ती हान्चो होऊन, म्हणजे लाइनची म्होरकी होऊन. मोटारीच्या दाराच्या खिट्ट्या जोडायची लाइन. सगळ्या बायका. खिट्टीत स्प्रिंग बसवायची, रिव्हेट ठोकायचं, ग्रीस लावायचं, उघडझाप करून पाहायची आणि पुढे सरकवायची.

त्या लाइनवर सगळ्यात ढिली होती मित्सुए नारुसे.

ढिली म्हणजे आळशी नव्हे. जाड बोटांची होती बिचारी. स्प्रिंग तिच्या चिमटीतून सटकायची आणि टेबलाखाली जायची, की मित्सुए "थांब गं, पळू नकोस" असं तिलाच समजावत खाली वाकायची. पोरी हसायच्या, तीही हसायची. डोक्यावर लोंबणारी दोरी मात्र तिच्याइतकी कुणी ओढली नाही. जरा काही वावगं दिसलं की दोरी ओढायची, पिवळा दिवा लागायचा, हान्चोने धावत जायचं आणि आधी म्हणायचं, "आभारी आहे." दोष दाखवणाऱ्याचे आभार मानायचे, मग दोष पाहायचा, हासुद्धा म्हाताऱ्याचाच नियम. दिवसातून इतक्या वेळा आभार मानून मानून हारुएच्या जिभेला वळण पडलं होतं. मित्सुएच्या पाच दिव्यांतले चार फुकट असायचे. पाचवा मात्र कुणाच्या तरी मोटारीचं दार भर रस्त्यात उघडण्यापासून वाचवायचा.

भिंतीवर वाक्यं लावलेली होती. 'जाऊन डोळ्यांनी पाहा.' 'पाच वेळा "का" विचारा.' 'पुढचं टेबल म्हणजे आपलं गिऱ्हाईक.' भिंतीवर वाक्यं लावायला कुणाचं काय जातं! ती वाचून दाखवायची साहेबांनी आणि जांभया द्यायच्या बाकीच्यांनी, अशी वाटणी झालेली होती. मित्सुए एकटी ती खरी मानायची. पुढच्या टेबलावरच्या अयाकाला खिट्टी देताना ती मान लववायची. "अगं, मी काय दुकानातली बाई आहे का?" अयाका चिडायची. मित्सुए म्हणायची, "गिऱ्हाईक आहेस तू माझं. चिडायचा हक्क आहे तुला."

कारखान्याच्या फाटकाच्या आत ती हारुएला हान्चो म्हणे आणि फाटकाबाहेर सायकलवर टांग टाकली की हारु. आडनावाला मानाचं 'सान' जोडून कामियासान म्हणायचे ते साहेब आणि परके. हिदाच्या डोंगरातून लग्न होऊन आलेली हारुए पहिल्या दिवशी लाइनवर उभी राहिली, तेव्हा तिच्या बोलीला सगळ्या फिदीफिदी हसल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत हीच जाड बोटांची बाई डबा घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बोल गं तू. मला तुझं बोलणं गोड लागतं." तेव्हापासून दोघी रोज नदीच्या बांधावरून बरोबर घरी जायच्या. मित्सुएचा नवरा गेला, हारुएची सासू गेली, पोरं शिकायला नागोयाला गेली. बांधावरचं ते जाणं तेवढं चुकलं नाही.

निळ्या टोपीची आस मात्र मित्सुएने कधी लपवली नाही. "एकदा तरी मिळावी गं. म्हातारी झाले तरी चालेल. दातांशिवाय सेकिहान खाईन."

"तू आधी स्प्रिंग धरायला शीक," हारुए म्हणायची.

आणि मग अमेरिकेत कुठल्याशा बँका बुडाल्या आणि इकडे मिकावात मोटारींचे कारखाने थंडावले. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरच हारुएने लाइन वळवून घोड्याच्या नालेसारखी केली होती. एका बाईला दोन टेबलं हाताशी येत, चालणं वाचे, एक माणूस वाचे. हे काम तिचं स्वतःचं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. निळी टोपी अयाका इनागाकीची, हे तिने मनात ठरवून टाकलं होतं. अयाकाचे हात पाहत राहावेत असे चालत.

कारखान्याचे मॅनेजर तोरीईसाहेब, त्यांनी तिला वर बोलावलं आणि म्हणाले, "कामियासान, बसा."

बसा म्हणाले म्हणून ती खुर्चीच्या कडेवर टेकली. त्या खोलीत कुणी बसत नसे. उभ्याने बोललं की बोलणं लवकर संपतं, अशी तिथली पद्धत.

"नवी लाइन झकास जमलीय," तोरीईसाहेब म्हणाले. "एक माणूस सुटतो."

"हो. अयाकाचं नाव देणार आहे मी."

"अयाकाला हात लावू नका."

"मग?"

"नारुसेसान."

"मित्सुए? अहो, ती..." हारुए अडखळली. "ती मनाने फार चांगली आहे. पण..."

"पण सगळ्यात चांगली नाही. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे." तोरीईसाहेबांनी चष्मा काढून पुसला. चांगलाच वाळला होता माणूस त्या दोन महिन्यांत. "मागणी निम्म्यावर आलीय. चांगला हात वर पाठवून खाली लाइन चालवायची चैन आता परवडत नाही. आणि माणसाला घरी पाठवायची आपल्याकडे रीत नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

साहेब छताकडे बघत म्हणाले, "टोपी द्यायची."

"मित्सुएला?"

"वरच्या खोलीत काहीतरी काम काढू. लाइनवर घबराट नको व्हायला. तिचाही मान राहील. काही महिन्यांत तिचं तिलाच वाटेल, की आता वय झालं, आता..." पुढचं त्यांनी हवेत सोडून दिलं. कडू वाक्य अर्ध्यावर सोडायचं, ही इकडची सभ्यता. उरलेलं ऐकणाऱ्याने आपल्या घरी नेऊन गिळायचं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी तिला आत्ता बोलावतो आणि तुमच्या देखत खरं सांगतो. सांगू?"

हारुएला मित्सुएचा चेहरा दिसला. खरं ऐकल्यावर ती काय करेल हेही दिसलं. ती हसेल, मान लववेल, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला" म्हणेल आणि त्याच दिवशी आपला कप आणि चपला पिशवीत भरून निघून जाईल. ते काही हारुएला बघवणार नव्हतं. खोटं का होईना, जिची आयुष्यभर वाट पाहिली ती टोपी तरी डोक्यावर पडेल. दया म्हणतात ती हीच, असं तिने स्वतःला समजावलं.

"टोपी मी देते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कवायत झाल्यावर तिने नाव घेतलं. मित्सुए मागे वळून पाहायला लागली, आणखी कुणी नारुसे आहे की काय म्हणून. मग तिला कळलं. ती पुढे आली, टोपी घ्यायला वाकली आणि वाकलेली राहिली. उठेचना. शेवटी हारुएने तिला दंडाला धरून उभं केलं. टाळ्या पडल्या, अंमळ उशिरा पडल्या.

अयाकाने तिला ग्रीसच्या डब्यांपाशी गाठलं. "हान्चो, मित्सुएसान का?"

"तिच्याइतकी दोरी कुणी ओढली सांग."

अयाका तिच्याकडे बघत राहिली. पोरगी हुशार होती, तिला समजायला कितीसा वेळ लागणार! सगळ्यात चांगली आपण, हे तिला ठाऊक होतं. आता सगळ्यात ढिलीला काढतात, हेही ठाऊक झालं. "बरं," ती म्हणाली, "मित्सुएसानला सांगायचं नाही, एवढंच ना?" दुपारपर्यंत सगळ्या लाइनला समजलं होतं आणि सगळ्या लाइनने न समजल्याचं ठरवून टाकलं होतं. दुसरीकडे कुठे असतं तर एखादीने तोंड उघडलं असतं, भांडण झालं असतं, आणि भांडणातून मित्सुए सुटली तरी असती. इथे सगळ्यांनी तिला सांभाळून घेतलं. सांभाळून सांभाळून खड्ड्यात नेऊन घातलं.

मित्सुएने सेकिहान आणला तो आईच्या लाखेच्या डब्यातून, काळ्या डब्यातून. वर तीळ-मीठ भुरभुरलेलं, कडेला लोणच्याची चकती. भात इतका सुरेख झाला होता की एकेकीने तो मान खाली घालून खाल्ला. "घे गं, आणखी घे, लाजू नकोस," ती निळ्या टोपीत सगळ्यांमागे फिरत होती. उरलेला भात तिने डब्यासकट हारुएच्या हातात ठेवला. "तुझ्या नवऱ्याला ने. डबा दे सावकाश."

डबा हारुएने घासून पुसून ठेवला, पण परत दिला नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो, आत काहीतरी घालून द्यायचं असतं. चहापत्ती घालावी, तर वाटायचं ही काय भरपाई झाली? रताळी घालावीत, तर वाटायचं छे. त्या भाताच्या बदल्यात घालावं असं घरात काही सापडेना. डबा फडताळात बसून राहिला, आणि फडताळ उघडताना हारुए दुसरीकडे बघायला शिकली.

बांधावरच्या गप्पा आता वरच्या खोलीच्या असायच्या. मित्सुएला कारखानाभरचे जुने बोल्ट आणि नट निवडायचं काम दिलं होतं. गंजलेले वेगळे, चांगले वेगळे, आकारवार पेट्यांत. खोलीतले बाकीचे निळ्या टोपीवाले एकेक करून खाली लाइनवर परत पाठवले गेले होते. ती एकटीच होती.

"हारु, मी पेट्यांना रंग दिले. बघितल्याबरोबर समजतं कुठला बोल्ट कुठे. आणि टेबल खिडकीशी नेलं, दिवा लावायला नको. वर मला कुणी हसत नाही गं. बोल्ट जाड असतात, माझ्या बोटांना बरे."

"छान," हारुए म्हणाली.

"पण एक सांग. माझं गिऱ्हाईक कोण? पेट्या संध्याकाळी खाली जातात, पण कुणाकडे जातात? त्यांना आवडतं का, आणखी कसे हवेत, मला विचारायला हवं ना."

खरं सांगायला तेवढी जागा होती. बांधावर दुसरं कुणी नव्हतं, वारा होता आणि दोन सायकली. हारुएच्या ओठांवर आलंही होतं.

"दुरुस्ती विभागाकडे जातात," ती म्हणाली. "खूश आहेत ते."

"खरंच? काय म्हणतात?"

"म्हणतात, नारुसेसानच्या पेट्या आल्यापासून शोधाशोध थांबली."

मित्सुएने सायकलवरच मान लववली, दुरुस्ती विभागाला. हारुएला रडू आलं, आणि वाऱ्यामुळे ते खपून गेलं.

थंडी सरता सरता प्लमला पहिली फुलं आली त्या सुमारास शिफ्ट सुटल्यावर मित्सुए सायकलींच्या छपराखाली उभी होती. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. टोपी तिच्या हातात होती, धुऊन इस्त्री केलेली. दुसऱ्या हातात सुधारणेची चिठ्ठी होती, तसल्या चिठ्ठ्या तिने जन्मभर टाकल्या होत्या. छत्र्यांना खुंट्या लावा, झाडू टांगून ठेवा, असल्या.

"हान्चोचा शिक्का लागतो याच्यावर," ती म्हणाली.

हारुएने वाचलं. वरच्या खोलीतलं बोल्ट निवडायचं काम बंद करावं. त्याचा कुणाला उपयोग नाही. एक माणूस वाचेल. अक्षर नेहमीसारखं गोल, शाळकरी.

"मित्सु..."

"मी दुरुस्तीवाल्यांकडे गेले होते," मित्सुए शांतपणे सांगू लागली. "आभार मानायला. ते म्हणाले, कसल्या पेट्या? मला वाटलं, माझीच काहीतरी गफलत. म्हणून काल पेट्यांच्या मागोमाग गेले. जाऊन डोळ्यांनी पाहा, म्हणतात ना. मागच्या अंगणात भंगारवाल्याचं मोठं पिंप आहे. त्यात सगळ्या पेट्या उलट्या केल्या. मोठे, बारीक, गंजलेले, चांगले, सगळे एकात. मग रिकाम्या पेट्या धुऊन माझ्याकडे वर आल्या. रोज किती स्वच्छ येतात, म्हणून मी कौतुक करत होते."

"मी सांगणार होते. अगं, खरंच सांगणार होते."

"मग मी बसून 'का' विचारले. जे कुणाला नको ते काम का? मला द्यायला काम नव्हतं म्हणून. काम नव्हतं तर मला वर का आणलं? लाइनवर मी नको होते म्हणून. नको होते तर टोपी का दिली? मला वाईट वाटू नये म्हणून." तिने टोपीची कड सारखी केली. "मला वाईट वाटू नये असं कुणाला का वाटावं? तोरीईसाहेबांना माझं नावसुद्धा धड आठवत नाही. तिथे मी थांबले. पाचवा 'का' विचारलाच नाही, हारु. उत्तर तुझ्या दाराशी येऊन उभं राहिलं असतं."

हारुए म्हणाली, "तू निघून गेली असतीस. साहेबांनी खरं सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी निघून गेली असतीस. मला ते सहन झालं नसतं."

"गेले असते. कप घेऊन गेले असते. पण आपली माणसं आहेत असं समजून गेले असते." मित्सुएचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्या दिवशी मी पहाटे उठून अझुकी शिजवली. नवऱ्याच्या फोटोपुढे पहिली वाटी ठेवली. त्याला म्हटलं, बघ, मिळाली. आणि तुम्ही सगळ्याजणी माहीत असून खात होतात. अयाका तर दोनदा घेऊन गेली. लाइनवर एवढीशी स्प्रिंग वाकडी दिसली तर मी दोरी ओढत होते गं. माझ्यासाठी तुमच्यातल्या एकीलाही ओढावीशी वाटली नाही?"

मित्सुएने चिठ्ठी सायकलच्या बैठकीवर ठेवली आणि वाट पाहत राहिली. हारुएने खिशातून शिक्का काढला. शिक्का तिरका उमटला. चिठ्ठी परत देताना तिच्या तोंडून जिभेच्या वळणाने निघून गेलं, "आभारी आहे." आणि ते ऐकून तिला स्वतःचं तोंड झोडावंसं वाटलं.

मित्सुएने चिठ्ठी टोपीत ठेवली आणि टोपी पहारेकऱ्याच्या खिडकीत दिली, साहेबांना द्या म्हणून. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाली, "माझा डबा राहिलाय तुझ्याकडे. येते, घेऊन जाते."

दोघी बांधावरून गेल्या. रोज शेजारी शेजारी चालणाऱ्या सायकली आज पुढे-मागे चालल्या. हारुएला वाटत होतं, घरी चहा करू, तिला कोतात्सूत, त्या रजईच्या ऊबदार मेजाखाली, पाय घालून बसवू, पाया पडू, रडू. आपलं रडणं कधी बघवत नाही मित्सुएला. हातात हात घेईल ती. एवढ्या वर्षांचं काही असं एका शिक्क्याने पुसलं जात नाही.

घरी कुणी नव्हतं. मित्सुए उंबऱ्याबाहेरच थांबली. "आत ये ना," हारुए दोनदा म्हणाली. "नको, सायकल उभी आहे," मित्सुए म्हणाली, जशी काही सायकल कुठे पळून जाणार होती.

हारुएने फडताळ उघडलं. डबा घेतला आणि धावपळीत स्वयंपाकघरात जे दिसलं ते घातलं. गामागोरीची संत्री होती टोपलीत, चांगली गोड. आत मावतील तेवढी तिने दाबून भरली, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी डबा पुढे केला.

मित्सुएने वजनावरूनच ओळखलं. तिने उंबऱ्याशी उकिडवं बसून झाकण काढलं. जाड बोटांनी एकेक संत्रं बाहेर काढलं आणि पायरीवर नीट ओळीत ठेवलं, सगळ्यांचे देठ एका बाजूला. एक घरंगळलं, तेही उचलून आणून तिने जागेवर ठेवलं. मग कमरेला खोचलेला हातरुमाल काढून डबा आतून पुसला.

"असा रिकामा नको गं नेऊस," हारुए रडत म्हणाली. "मित्सु, निदान एक तरी राहू दे आत."

मित्सुएने झाकण लावलं, डबा पोटाशी धरला आणि उठून उभी राहिली. लाइनवर पुढच्या टेबलाला खिट्टी देताना लववायची, तेवढीच मान तिने लववली.

"येते मी," ती म्हणाली, "कामियासान."